अर्ध्यावर उतरलेलं गाणं

९७ टक्के

लॅपटॉपचा पंखा असा घोंघावत होता की आखातातल्या हमद टाउनच्या त्या फ्लॅटमधला एसी बिचारा मुका वाटावा. उल्का 'आई' नावाचा फोल्डर उघडायची आणि पडदा गोठायचा. उद्या गौरी. बायका जमणार, फुगड्या घालणार, आणि गाणं माझ्या आईच्या आवाजात लावेन, असं ती सगळ्यांना सांगून बसलेली.

तिचा नवरा सलील टास्क मॅनेजरमध्ये डोकं घालून होता. "हे बघ. सगळा प्रोसेसर फाइल एक्स्प्लोरर खातोय. काम काय, तर फायली दाखवायचं. भूक बकासुराची!"

"मग बंद कर ना त्याला."

"केला. परत चालूही केला."

४ टक्के

फोल्डर बंद असताना.

९७ टक्के

उघडल्यावर.

४, ९७, ४, ९७

सलीलनं अर्ध्या फायली दुसरीकडे हलवल्या. पंखा शांत. हलवलेल्यांतल्या अर्ध्या परत आणल्या. पुन्हा घुंई. असं करत करत शेवटी एकच व्हिडिओ उरला. नाव 'गवर'.

"अर्धवट कॉपी झालाय," तो म्हणाला. "एक्स्प्लोरर त्याचं छोटं चित्र काढायला जातो, जमत नाही, की परत काढायला जातो. हट्टी आहे, तुझ्यासारखा."

"अर्धवट का झाला ठाऊक आहे? देवरुखला आईच्या दारात गाडी उभी, आणि तुझं 'यल्ला, यल्ला, चल लवकर'! पेनड्राइव्ह तसाच उपटला मी."

"बरं, माझंच चुकलं. डिलीट कर. खलास. आईंना फोनवर परत गायला सांग."

उल्कानं त्याचा हात माउसवरून बाजूला केला.

तो व्हिडिओ उल्काचे वडील, आप्पा, असतानाचा. ज्या फोनवर काढला, तो पुढं विहिरीत पडला. आणि आप्पा गेल्यापासून आई गौरीच्या जागरात मागं भिंतीला टेकून बसायची. तिकडची रीतच तशी. गाणं पुढं बसणाऱ्या सवाष्णींचं. उल्कानं एकदा विचारलं होतं. "माझं झालं गो ते गाऊन," एवढंच आई म्हणाली. पुन्हा विचारायची उल्काची छाती झाली नव्हती.

"डिलीट नाही करायचं," ती म्हणाली. "त्याला सांग, चित्र काढूच नको. नुसतं नाव दाखव."

सलीलनं मान खाजवली. मग सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीवर टिचकी मारली.

३ टक्के

फोल्डर उघडा होता, आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. व्हिडिओ नेहमीच्या प्लेअरमध्ये लागेना. सलीलनं दुसरा शोधून उतरवला. त्यात लागला.

*गवर आली गं डोंगरावरनं, तेरड्याचा गं तिला शेला,*
*उंबऱ्यात उभी वैनीबाई*

बस. तिथं संपला.

उल्कानं परत लावला. 'वैनीबाई'शी थांबला. परत लावला. थांबला. तिच्या मागं लेक शिवांगी फोन धरून उभी होती. "मम्मा, आजी इज ऑन द फोन. शी कॅन हिअर इट."

उल्कानं घाईघाईनं प्लेअर बंद केला. "आई, अगं, ते... चुकून लागलं."

तिकडून आई म्हणाली, "काय गो उल्के, त्या वैनीला उंबऱ्यात किती वेळ उभी करून ठेवशील? पाय दुखतील तिचे."

"पुढचं उतरलंच नाही गं."

"शिवांगी, तुझ्या आयशीला सांग, एकदाच म्हणणार मी. आणि तुझ्या बापसाला सांग, मधे बोलायचं नाय."

"मी कुठं बोललो?" सलील पुटपुटला.

"हा बघ, बोलला!"

उल्कानं लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि शिवांगीच्या हातातला फोन त्याच्याजवळ नेला. पंखा गप्प होता. आईचा आवाज आधी खरखरला, मग लागला.

*उंबऱ्यात उभी वैनीबाई, पाय धुवाया पाणी घाला...*