छातीतली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी श्वासनळी आहे. दचकू नका. दोन्ही फुफ्फुसंही माझ्याजवळच आहेत. ज्याच्यासाठी आम्ही राबलो, तो माणूस मात्र आता नाही.

तो काच घासायचा. फिरत्या दगडावर पेल्यांच्या कडा गुळगुळीत करायचा. तरुणपणी मी मोठ्या तोऱ्यात होते. माझ्यात कूर्चेच्या कड्या आहेत, म्हणून मी कधी मिटत नसे. माझ्या बारीक फांद्यांना मात्र कड्या नसतात. भोवतालचे हवेचे इवले फुगे त्यांना चहूबाजूंनी ओढून उघड्या ठेवतात, तंबूला दोऱ्या ताणून धरतात तसं. काचेची धूळ वर्षानुवर्षं आत येत राहिली. फांद्यांच्या भिंती जाड झाल्या, ताठरल्या, आणि श्वास बाहेर पडताना शिट्टी वाजू लागली. एक लांब, जरा थांबून एक आखूड.

त्याची लेक लहानपणी त्या दगडाशेजारीच खेळायची. शिट्टी ऐकली की विचारायची, "बाबा, आत कोण आहे?" तो हसून वेळ मारून नेई. डॉक्टरकडे तो कधी गेलाच नाही.

त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. तिथे मला औषधात मुरवून, वाळवून, काचेच्या पेटीत पंपाला जोडलं. पेटीवर नाव नाही, नुसता आकडा: सतरा. पंपवाले काका रोज सकाळी वर्गाआधी मला पाच श्वास देत, नाहीतर मी आखडून बसते. पहिल्या श्वासाला फार जोर लागतो, कारण मिटलेल्या वाटा चिकटलेल्या असतात. एकदा उघडल्या की थोडक्या जोरावर उघड्या राहतात. मुलं माझं कौतुक करत, पण माझ्याकडे पाठ करून बसायला कुणी धजत नसे.

मग एके दिवशी नवी तंत्रज्ञ म्हणून तीच लेक आली. काकांनी तिला पंप दाखवला.

"हळू दाब. काटा लाल खुणेपुढे जाऊ द्यायचा नाही. ताणलेलं परत येतं, फार ताणलेलं येत नाही."

तिने दाबलं, सोडलं. शिट्टी वाजली. एक लांब, जरा थांबून एक आखूड. ती पेटीवरचा आकडा निरखू लागली.

"काका, हे कुणाचं आहे?"

"सतरा नंबरचं. नावं आपण विचारत नाही, बाई."

पण तिला कळायचं ते कळलं होतं. त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत ती एकटी येई, काचेला कान लावून पंप दाबत राही. मला तिची कीव येई. खरं सांगायचं तर बरंही वाटे. इतकं मन लावून मला कुणी ऐकलं नव्हतं. एका दुपारी शिट्टी थोडी जास्त वेळ टिकावी म्हणून तिने काटा लाल खुणेपुढे नेला. माझ्या आत काहीतरी सावकाश उसवत गेलं. हवा भलतीकडूनच निसटली, आणि शिट्टी गेली ती कायमची.

तिने स्वतःच जाऊन काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. पंपाची नळी काढून त्यांनी खिळ्याला टांगली.

आठवड्याने ती सामानाचे खोके घेऊन तीन जिने चढून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. काका टेबल पुसत होते. खोलीत शिट्टी वाजली. एक लांब, जरा थांबून एक आखूड.

काकांनी पेटीकडे पाहिलं. नळी खिळ्यालाच होती.

तिने श्वास रोखला. खोली गप्प झाली. तिने श्वास सोडला, आणि शिट्टी पुन्हा वाजली.

"किती दिवस होतंय हे?" काकांनी हलकेच विचारलं.

"जिना चढला की होतं. मला वाटायचं, मला बाबांचा भास होतोय."

काकांनी फडकं तिथेच टाकलं आणि तिला तशीच तपासायला घेऊन गेले. दिवसभर खोके माझ्यासमोर पडून होते. मला त्या पोरीचा जुना प्रश्न आठवत राहिला.

मित्रांनो, त्याची शिट्टी आम्ही सगळ्यांनी सवयीची करून घेतली, मीसुद्धा. तुमच्या घरात कुणाच्या छातीतून असा आवाज आला, तर तो ओळखीचा होण्याआधीच त्याला डॉक्टरकडे न्या. माझी शिट्टी गेली, त्याचं मला दुःख नाही. आता तिचीही जावी, एवढंच मागणं आहे.