पावडर न घालता आलेला फेस

मी महालिंगअण्णांच्या घरातलं वॉशिंग मशीन बोलतेय. दोन टपांचं, निळ्या झाकणाचं. इतकी वर्षं नुसती घरघर केली. आज खरं सांगते. मला एका बाईचा फार हेवा वाटायचा.

१९९८ च्या दसऱ्याला मी शाहूपुरीतल्या दुकानातून या घरी आले. अण्णांच्या बायकोने, पवित्रावहिनींनी, माझ्यावर भस्माची तीन बोटं ओढली, हार घातला आणि मागच्या पडवीत नळाजवळ जागा दिली. तिथे झुंबरबाई आधीपासून होत्या. रोज सकाळी येऊन दगडावर धुणं धुवायच्या. आता त्यांच्याकडे फक्त साड्या उरल्या, बाकी सगळं माझं. मी खूश होते.

वहिनींना फेस फार आवडायचा. "फेस दिसल्याबिगर कपडा निघाला असं वाटतच न्हाय," असं म्हणत त्या मुठी भरभरून पावडर टाकायच्या. कपडे इतके कोंबायच्या, की मला फिरायला जागा नसे. मग एकदाच पाणी बदलून थेट पिळायच्या टपात. पण फेस झाकणापर्यंत चढला, की मला अभिमान वाटायचा. झुंबरबाईंना असा फेस कधी काढता आला नसता!

एक दिवस वहिनींची मुलगी सुष्मिता शाळेतून रडत आली. निळ्या स्कर्टवर पांढरे ओघळ, मानेवर लाल पुरळ. "मुली म्हणत्यात, भिंतीला घासून आलीस काय गं!"

दुसऱ्या दिवशी तिने गणवेश गुपचूप झुंबरबाईंच्या बादलीत टाकला.

"मावशी, आईला सांगू नका."

"न्हाय सांगत. आण हिकडं."

हे सगळं माझ्यासमोर. स्कर्ट दोरीवर निळाशार वाळला. सुष्मिताने तो नाकाशी धरून हुंगला. माझ्याकडचा कपडा तिने कधी असा हुंगला नव्हता. आठवड्याभरात अण्णांचे शर्टही तिकडे गेले. अण्णा म्हणाले, "दिवाळीपत्तोर बघू. न्हायतर ही पेटी नेसरीच्या भावाला देऊन टाकतो."

पेटी! मी संतापाने अशी हादरले, की सांडपाण्याची नळी आकड्यावरून निसटली आणि सगळं पाणी झुंबरबाईंच्या पायावर सांडलं. मला बरंच वाटलं. त्या मात्र खाली वाकल्या आणि ते पाणी बोटांत चोळून बघू लागल्या.

"वैनी, ह्ये खळबळल्यालं शेवटचं पाणी न्हवं? अजून बुळबुळीत हाय की."

त्यांनी पिळलेले कपडे पुन्हा माझ्यात घातले, नुसतं पाणी सोडलं आणि बटण फिरवलं. बघता बघता फेस आला.

"अगं बाई! पावडर तर घातलीच न्हाय," वहिनी म्हणाल्या.

"त्येच की! कपड्यातनं निघालाय ह्यो. मशीनला नावं ठिवू नका. मशीन चांगलं हाय, तुमची मूठ मोठी हाय."

मग त्यांनी सुष्मिताचा स्कर्ट आणि दुसरे कपडे घेतले, तेही अर्धेच. लहान वाटीभर पावडर कोमट पाण्यात विरघळवून ओतली. पाणी नितळ दिसेपर्यंत दोनदा बदललं. फेस जेमतेम आला, मला लाज वाटली. पण स्कर्ट निघाला तो अगदी स्वच्छ. महिन्याभरात सुष्मिताचं पुरळ गेलं आणि नेसरीचं नाव कोणी काढेना. मी जिंकले होते.

पुढच्या महिन्यात वहिनी म्हणाल्या, "झुंबरबाई, आता साड्याबी मशीनमधीच निघत्यात. उद्यापासनं नका येऊ."

झुंबरबाईंनी पदराला हात पुसले. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्याला आता सात वर्षं झाली. माझं झाकण फिकट पडलं आहे. सुष्मिता कॉलेजला जाते, मला तीच चालवते. गेल्या वर्षी शेजारच्या घरी नवं मशीन आलं आणि ते लावायला झुंबरबाई येतात. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो, "दमानं, बाई. एवढं कोंबू नगा. तिलाबी फिराय जागा ठिवा."

पूर्वी मला झुंबरबाईंचा हेवा वाटायचा. आता त्या मशीनचा वाटतो.

सुष्मिता, मला कोणी वाचवलं हे मी कोणाला सांगू शकत नाही. तुला बोलता येतं. एकदा भिंतीपलीकडे हाक मार. त्यांना ऐकू जाईल.