कढीतून वाचलेली कवडी

मी दह्याची कवडी बोलतेय. जर्मनीत, इंगोलश्टाटला, पहिल्या मजल्यावर, वैभवीच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात राहते. इथून घरातलं सगळं ऐकू येतं, आणि ऐकलं की मला गप्प बसवत नाही. त्यातून आज तर सांगण्यासारखं आहे.

माझा जन्म वरच्या मजल्यावर, सुधाकाकूंच्या घरी. लोकांना वाटतं, मला पुण्याहून आणलं. छे, माझं माहेर इथल्याच सुपरमार्केटात. काकू मुलाकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी साध्या योगुर्टचा, म्हणजे इथल्या विकतच्या दह्याचा, एक चमचा कोमट दुधात घातला, भांड्याला मुलाची जुनी कानटोपी चढवली आणि खोली गरम ठेवणाऱ्या हायत्सुंगला टेकवून ठेवलं. सकाळी बघतात तर मी. अशी घट्ट, की भांडं कलतं केलं तरी हलले नाही. काकूंनी अख्ख्या इमारतीला सांगितलं. तेव्हापासून रोज माझा एक चमचा मागे राहतो आणि त्यातून मी पुन्हा होते.

खाली राहणारी अन्वी, वैभवीची मुलगी, माझी लाडकी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मागे तिचा कान दुखायला लागला. अँटिबायोटिक दिलं. कान बरा झाला आणि पोट बिघडलं. त्या औषधाला आपलं-परकं कळत नाही ना. त्रास देणाऱ्यांबरोबर पोटातले आमचे भले शेजारीही गेले. पोरगी जेवेना, खाल्लं तर टिकेना. चेहरा एवढासा झाला. हे मला कसं कळलं म्हणाल, तर वैभवी जिन्यात उभी राहून फोनवर बोलते, आणि काकू दार जरासं उघडं ठेवतात.

आणि नेमकं तेव्हाच काकूंचं सगळं घर नाताळच्या सुट्टीला पुण्याला निघालं. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. फ्रिज रिकामा करायला घेतला. मी शेवटची वाटीभर उरले होते. काकूंनी बेसनाचा डबा काढला आणि माझं पाणी पाणी झालं. कढी. चव छान येते, मी नाही म्हणत नाही. पण एक उकळी आली की आमच्यातलं कुणीही जिवंत राहत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. डॉक्टरकडून थेट वर आलेली वैभवी, आणि तिच्या कोटाला धरून अन्वी.

"काकू, थोडं विरजण द्याल? डॉक्टर म्हणाले, दही द्या. औषध नाही ते, सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही, पण आतड्याच्या अस्तराला मदत होऊ शकते. आणि ही दुकानातलं तोंडात घेत नाही. आजीचंच पाहिजे."

"अगं, मागितलंस कधी तर आत्ता. बाहेर बघ, दिवे लागले. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नाहीत."

"पुण्यात तर रात्रीचे नऊ वाजलेत, काकू."

"म्हणजे तिकडे तर केव्हाच उशीर झाला."

"अहो, इथे साडेचारला काळोख पडतो. नोकरी करणाऱ्या बाईने हिवाळ्यात विरजण मागायचंच नाही का?"

"रविवारी मागायचं," काकू म्हणाल्या. पण आवाज पडलेला होता. द्यायचं तर त्यांच्याही मनात होतं. हात मात्र गॅसकडे गेला.

मग अन्वी बारीक आवाजात म्हणाली, "आजी, एस इस्ट नोख नाखमिटाग."

"काय म्हणते ही?"

"अजून दुपारच आहे म्हणते. इथे पाच-सहा वाजेपर्यंत दुपारच म्हणतात."

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, मग चहाच्या रिकाम्या भांड्याकडे. "तरीच. माझा दुपारचा चहा अजून व्हायचाय. चहा नाही झाला म्हणजे दुपारच ती. घे गं, झाकण घट्ट लाव."

आणि मी जिना उतरले, जिवंत.

दुसऱ्या दिवशी मऊ भातात कालवून अन्वीच्या पोटात गेले. आत काय बघितलं सांगू? आतड्याची भिंत म्हणजे खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या पेशींची एकच रांग. ती सैलावलेली, फटी पडायला लागलेल्या. नको ते आत शिरेल म्हणून शरीराचे पहारेकरी सारखे ओरडत होते. माणसं त्यालाच दाह म्हणतात. आम्ही आमचं आंबट काम सुरू केलं. त्या आंबटपणात दांडगे जीव फारसे टिकत नाहीत, उरलेल्या भल्या शेजाऱ्यांना हुरूप येतो, पेशी एकमेकींना घट्ट धरायला लागतात. पहारेकऱ्यांचा आवाज उतरला. मी तिथे कायमची राहत नाही, पाहुणी आहे, म्हणून रोज जाते. सगळं मीच केलं असंही म्हणणार नाही. चार दिवस लोटले, भात होता, आईचा हात होता. पण मी तिथे होते.

पोरीचे गाल भरलेत. आज तिने दोनदा भात मागून घेतला. वैभवी दह्याची वाटी खरवडून तिच्या ताटात घालणार, एवढ्यात अन्वीने आईचा हात धरला.

"आई, थांब," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "विरजण काढलंस का?"

वैभवीने एक चमचा बाजूला काढला.

तो चमचा म्हणजे मी. तुम्हीही एवढंच करा. पोटभर खा, पण माझा एक चमचा मागे ठेवा. आणि शेजारीण दारात आली, तर घड्याळात दुपार शोधा.