औषधाचा रकाना

लेंड्या तशाच होत्या.

पेरणी होऊन महिना झाला होता, तीन चांगले पाऊस पडून गेले होते, आणि पूर्वेच्या बांधालगत, वखर वळवताना जो कोपरा सुटतो तिथे, मेंढरांच्या लेंड्या पडल्या तशाच होत्या. गोल, काळ्या, टणक.

मी खाली बसले. मुंजाबाची मेंढरं दर उन्हाळ्यात माझ्या शेतात चार रात्री बसतात. त्या चार रात्रींत जमिनीला जे मिळतं ते मला दुसऱ्या कुठल्याही खतातून मिळालेलं नाही. आषाढ लागेपर्यंत या लेंड्यांचा भुगा झालेला असतो. शेणकिडे त्या पोखरतात, खाली मातीत ओढून नेतात. मी वीस लेंड्या उचलल्या आणि बाभळीच्या काट्याने एकेक फोडली. आत काही नव्हतं. ना किडा, ना अळी, ना छिद्र.

वीस हा आकडा लहान आहे, म्हणून वेगवेगळ्या जागांवरून आणखी चाळीस घेतल्या. त्यातही काही नव्हतं. मग पश्चिमेला गाय बांधते तिथे गेले. तिथल्या शेणाच्या एकाच पोवट्यात नऊ शेणकिडे सापडले.

प्राणिशास्त्रात पदवी घेऊन मी अकरा वर्षं चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलं. सासरे गेल्यावर लासूर स्टेशनजवळची ही अडीच एकर जमीन मी कसायला घेतली. त्यामुळे किडे नसण्याचं कारण काय असू शकतं, ते मला चिखलात बसल्या बसल्याच कळलं. मेंढरांना जंताचं किंवा खरजेचं औषध दिलं, तर ते काही दिवस लेंडीतून बाहेर पडतं. त्या लेंडीत किडा जगत नाही.

मी हात धुतले आणि गायरानाकडे चालत गेले. पावसाळ्यात मुंजाबाची पालं तिथेच असतात. त्याची बायको बानाबाई एका मेंढीचा खूर साफ करत बसली होती.

“बानाबाई, माझ्या शेतात बसायच्या आधी मेंढरांना काही औषध दिलं होतं का?”

“व्हय की. खरूज झालती. सरकारी दवाखान्याची गाडी आलती, फुकट सुई टोचली समद्यांना. कामून?”

“कधी?”

“तुमच्याकडं बसायच्या दोन रोज आधी.” तिने खुरातला काटा काढून बाजूला टाकला. “दर वर्साला इचारता तुम्ही, औषध दिलं का, औषध दिलं का. ह्या वर्साला इचारलंच न्हाई. म्या म्हनलं, आता चालत असल.”

मी विचारलं नव्हतं. ते खरं होतं.

आमचा सेंद्रिय शेतीचा गट आहे, अकरा शेतकऱ्यांचा. सरकारी योजनेतून तीन वर्षं मदत मिळते आणि तीन वर्षं रसायनाशिवाय शेती केली की प्रमाणपत्र मिळतं. तपासायला बाहेरचा साहेब येत नाही. गटातल्यांनीच एकमेकांची शेतं तपासायची, कुणी कुणाचं तपासायचं ते डब्यातून चिठ्ठी काढून ठरतं. प्रत्येकाने आधी एक अर्ज भरायचा. त्या अर्जात आमच्या गटाने एक जास्तीचा रकाना घातला आहे: बाहेरच्या जनावरांचं खत घेतलं असल्यास, आधीच्या महिन्याभरात त्यांना औषध दिलं होतं का? दिलं असेल तर तो तुकडा पुन्हा पहिल्या वर्षावर जातो. हा रकाना माझ्याच आग्रहाने आला. गेली दोन वर्षं मी मुंजाबाला विचारून ‘नाही’ लिहिलं. या वर्षी अर्ज भरताना न विचारताच ‘नाही’ लिहिलं. गेल्या वर्षीचा अर्ज शेजारी ठेवून मी उतरवत होते.

हे माझं तिसरं वर्ष होतं. संभाजीनगरच्या एका रुग्णालयाचं स्वयंपाकघर माझी तूर घ्यायला तयार झालं होतं, पण तीन वर्षं पुरी झाल्याचा कागद हवा होता. आणि ती सगळी तूर पूर्वेच्या त्याच एकरात उभी होती.

तपासणी दुसऱ्या दिवशी होती. मी गटप्रमुख आप्पासाहेबांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

“ताई,” ते म्हणाले, “लोक युरिया लपवतात अन् तुम्ही किडे मोजायला लागल्या.”

“मोजले, आप्पासाहेब. साठ लेंड्या. एकही नाही.”

“बरं मंग? किडा काय तहसीलात गवाही द्यायला जाणार हाय?”

“रकाना मी भरलाय. खोटा भरलाय.”

“खोटा कुठं? चुकून भरला. अन् औषध मेंढराला दिलं, तुरीला नाय. मेंढराचा दवाखाना सरकारचा, आपली योजना बी सरकारची. त्यांचं त्यांना निस्तरू द्या.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तपासायला कडूबा येणार हाय. त्येला लेंडीतलं काय कळतंय? गप राहा.”

कडूबाभाऊंच्या नावाची अडचण वेगळी होती. गेल्या वर्षी चिठ्ठीत मला त्यांचं शेत निघालं होतं. बियाणं घरचं, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांच्या तिफणीचं चाडं, म्हणजे ज्यात मुठीने बी सोडतात तो लाकडी वाडगा, उलटं करून पाहिलं. आत गुलाबी पूड चिकटलेली होती. दुकानातल्या, औषध लावलेल्या बियाण्याची. मी तसं लिहिलं आणि त्यांचं दोन एकर शेत पहिल्या वर्षावर गेलं. तेव्हापासून गावातले टवाळ त्यांना ‘गुलाबशेठ’ म्हणतात, आणि ते माझ्याशी बोलत नाहीत.

रविवारी सकाळी ते आले. धुवट पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मला नमस्कार न करताच कामाला लागले. जीवामृताच्या पिंपात नाक घालून वास घेतला. फवारणी पंपाची तोटी काढून डोळ्याशी धरली. गोठ्यामागे रिकामी पोती उलटीसुलटी करून पाहिली. शेवटी तिफणीपाशी गेले, चाडं उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं.

“चांगलं घासलंय,” ते म्हणाले. वर्षभरातलं हे पहिलं वाक्य.

“पेरणी झाली की घासतेच.”

“आमी बी घासायला पाहिजे व्हतं.”

त्यांनी वही काढली. “काय घावलं नाय. दस्तखत कुठं करायचं?”

“थांबा, भाऊ. पूर्वेच्या बांधाला चला.”

“बघितला की बांध.”

“मी दाखवते ते बघायचं राहिलंय.”

मी त्यांना लेंड्या दाखवल्या. काटा दिला. त्यांनी उकिडवं बसून तीन-चार फोडल्या. मग मी गाईच्या शेणाचा पोवटा दाखवला, त्यातले किडे दाखवले, आणि बानाबाई जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगितलं. अर्जावरचा ‘नाही’ दाखवला.

त्यांनी अर्ज हातात घेऊन मागून-पुढून पाहिला. मी त्यांना कुठल्यातरी सापळ्यात पकडतेय असं त्यांना वाटत असावं.

“हे कुणी बघितलंय?”

“मी.”

“तुम्ही सोडून?”

“कुणी नाही. आप्पासाहेबांना मी सांगितलं.”

“अन् आप्पासाहेब काय म्हनले?”

“गप राहा म्हणाले.”

“मंग मला कामून सांगता? माझ्यावर उपकार करता का?”

“नाही. तपासायला तुम्ही आलात म्हणून सांगते. लिहून घ्या.”

त्यांनी काटा टाकून दिला, हात मातीत पुसले. “किती गुंठे?”

“अकरा. मेंढरं बसली तेवढी जागा मी दोरीनं मोजलीय.”

“अकरा कसे?” ते उठले. “पाणी कुठं जातं? तुमच्या रानाला मावळतीकडं उतार हाय. पहिल्या पावसात इथलं धुऊन खाली गेलं आसल ना? का तुमच्या कॉलेजात पाणी जागच्या जागी बसतं?”

मी उताराचा विचार केला नव्हता. ते खाली उतरत गेले, मध्येच थांबून मातीवरची गाळाची रेघ बघत. मग पावलं टाकत परत आले. “चौदा.”

“चौदा लिहा,” मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. अक्षर मोठं आणि सावकाश होतं. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं, पण वही मिटली नाही.

“नियमाचं पुस्तक वाचलंय का तुम्ही? समदं?”

“वाचलंय.”

“बांधाचं कलम?”

ते मला आठवत होतं. बाद झालेल्या तुकड्याच्या आणि बाकीच्या शेताच्या मध्ये बांध आणि चर नसेल, तर सगळं शेत एकच धरलं जातं. म्हणजे चौदा गुंठ्यांबरोबर माझी अडीचच्या अडीच एकर मागे जाणार होती.

“गेल्या साली मी ते पुस्तक तीनदा वाचलं,” कडूबाभाऊ म्हणाले. “सुटायला कुठं फट हाय का बघायला. माझ्यात नव्हती, बी तर समद्या रानात पेरलेलं. तुमच्यात हाय. कागद शुक्रवारी जाणार. गुरुवारपर्यंत बांध अन् चर झाला, तर बाकीचं वाचतं. नाय झाला तर मी समदं लिहीन.”

“लिहा.”

“मी मदतीला येणार नाय. तपासणारानं हात लावायचा नसतो.”

“मी बोलावलंही नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि गेले.

साठ मीटर बांध. मध्ये गुडघाभर वाढलेली तूर. बांध घालायचा तर तुरीच्या तीन ओळी उपटाव्या लागणार होत्या. खुरपणीचे दिवस, गावात एक माणूस रिकामा मिळत नव्हता. माझे यजमान शहरात नोकरीला, त्यांची सुट्टी शनिवारी. सोमवारी सकाळी मी दोरी बांधली, चुन्याने रेघ मारली आणि तुरी उपटायला सुरुवात केली. पहिली ओळ उपटताना मुळांवरच्या गाठी दिसत होत्या, गुलाबीसर, टपोऱ्या. चांगली तूर होती. ती उपटून मी गाईपुढे टाकली.

काळी माती ओली असली की फावड्याला धरते. दर चार फावड्यांनी पातं खरवडावं लागतं. दुपारपर्यंत सहा मीटर झाले. या वेगाने गुरुवार गाठणार नव्हता, हे गणित सोपं होतं. मी जेवणाची सुट्टी अर्धी केली.

मंगळवारी सकाळी बांधावर बानाबाई उभी होती, मागे मुंजाबा, खांद्यावर कुदळ.

“काय चाललंय ह्ये?” ती म्हणाली. “गावात म्हनत्यात, बानाच्या मेंढरांनी ताईंचं रान बाटवलं.”

“मी असं म्हटलं नाही. चूक माझी आहे, विचारलं नाही.”

“ते तर हायेच. न्हाई इचारलं.” तिने पदर खोचला. “पर सुई टोचली नसती तर निम्मं खांड मेलं आसतं, ते बी ध्यानात ठिवा.”

“टोचायलाच हवी होती.”

“मंग कसं करावं मानसानं?” मुंजाबा पहिल्यांदाच बोलला.

मी फावडं रोवलं. “खरूज दिसली की त्याच दिवशी सुई टोचायची, थांबायचं नाही. फक्त मग महिनाभर मेंढरं गायरानात बसवा, माझ्याकडे नको. खरूज नसेल आणि नुसतं जंताचं औषध द्यायचं असेल, तर आधी माझ्याकडे बसवा आणि नंतर द्या.”

“आन् महिनाभर तुमचं रान उपाशी ऱ्हाईल,” बानाबाई म्हणाली.

“राहू दे.”

मुंजाबाने चर खणायला घेतला. तो माणूस बोलतो कमी, पण त्याची कुदळ एकाच खोलीवर पडते, मोजपट्टी लावावी इतकी. बानाबाई माती वर ओढत होती आणि मी ती तुडवून बसवत होते. कस्तुरा नावाची त्यांची एक म्हातारी मेंढी मागोमाग आली होती, ती उपटलेल्या तुरीवर ताव मारत बसली. बुधवारी संध्याकाळी शेवटचे चार मीटर उरले. ते मी गुरुवारी उजाडल्यावर एकटीने केले.

दहाच्या सुमारास कडूबाभाऊ आले. त्याच पांढऱ्या सदऱ्यात. बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून वितीने उंची मोजत गेले. मधल्या एका जागी थांबले.

“हितं वीतभर कमी.”

तिथे माती खचली होती. मी फावडं आणलं, त्यांच्यासमोर माती ओढली, तुडवली. त्यांनी पुन्हा वीत लावली. मग एक घागर पाणी मागितलं आणि वरच्या बाजूला ओतलं. पाणी बांधाला येऊन अडलं, चरात उतरलं आणि चरातून बांधाबांधाने ओढ्याच्या दिशेला गेलं. ते शेवटपर्यंत पाण्यामागे चालत गेले.

परत येऊन त्यांनी वही मांडीवर ठेवली आणि सही केली. वही मला वाचायला दिली. चौदा गुंठे पहिल्या वर्षावर. शहाऐंशी गुंठे तिसरं वर्ष पूर्ण. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘औषधाचा रकाना चुकीचा भरला होता. मालकिणीने स्वतः दाखवले. बांध व चर पाहिला, पाणी ओतून पाहिला.’

मी दुपारी रुग्णालयात फोन करून सांगितलं की ठरलेल्या तुरीतली एक तृतीयांशाहून जास्त तूर देता येणार नाही, आणि का ते सांगितलं. तिथल्या बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कमी चालेल, पण चौदा गुंठ्यांतली त्यात मिसळणार नाही हे लिहून द्या. मी लिहून दिलं.

सकाळी सही करून निघताना कडूबाभाऊ बांधावर थांबले होते.

“औंदा माझ्या रानाची चिठ्ठी कुणाला निघाली?”

“मलाच.”

“मला वाटलंच.” त्यांनी दोन्ही पेनं खिशात नीट खोचली. “मंग उद्या सकाळी या. चाडं घासून ठेवलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. त्यांच्या घरच्यांनी चहा ठेवला होता. चहा नंतर घेते म्हटलं, तिफणीपाशी गेले आणि चाडं उलटं केलं.