मधली रिकामी जागा

लाल लाकडी त्रिकोणाची एक कड झिजून आतलं फिकट लाकूड दिसत होतं – आता ह्याला लाल म्हणायचं की नाही, असं कुणी विचारलं तर?... इर्मगार्ड लोझेबाईंनी तो तुकडा पटकन टोपलीत टाकला. मागे शाळा-तपासनीस केटलरसाहेब मुलांच्या खुर्चीत अवघडून बसले होते, आणि ते आले होते फक्त वीब्केसाठी. ती ह्याच वर्गात राहणार, की ईस्टरनंतर रुळांपलीकडच्या मंद मुलांच्या शाळेत जाणार, हे आज ठरायचं होतं.

काल तिची आई बिस्किटांच्या कारखान्यातून तशीच आली होती, अंगाला व्हॅनिलाचा वास... "बाई, ठार मुकी नाही हो ती. वेळ लागतो तिला, एवढंच." वेळ. आधीच्या एका वर्गातल्या होर्स्टलाही लागायचा. त्याला त्या शाळेत धाडायच्या कागदावर बाईंनी सही केली, आणि तो बसच्या काचेतून हात हलवत गेला – सहलीला निघाल्यासारखा.

जमिनीवर दोन रिंगा होत्या, एकमेकींत थोड्या शिरलेल्या. सरकारनं संचांचं हे गणित पहिलीपासून आणलं तेव्हापासून गाव धुसफुसत होतं. पालकसभेत डेटलेफचे वडील उभे राहून म्हणाले होते, "सात आणि पाच किती ते पोराला येत नाही, आणि बाई रिंगा खेळवतात!" सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या, पण घरी जाऊन स्वैपाकघराच्या टेबलावर बटणं मांडून छेद आणि संयोग पुन्हा घोकत बसल्या होत्या – पन्नाशी उलटल्यावर, शिक्षकांच्या संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं सगळं.

"वीब्के, ह्या रिंगेत लाल तुकडे, त्या रिंगेत निळे. लालही आणि निळेही असलेले मध्ये."

वीब्केनं एकेक तुकडा हलकेच मांडला. मधली जागा तशीच राहिली. मग तिनं हात मागे बांधले आणि ती बघत राहिली... बोल गं. नाहीतर चिठ्ठी तरी ठेव. मध्ये काही नसलं की शून्याची चिठ्ठी ठेवायची, ही बाईंनीच काढलेली युक्ती. चाळीसही मुलांना पाठ होती.

"शून्य ठेव ना, ठोंबे!" डेटलेफ कुजबुजला आणि त्यानंच चिठ्ठी मध्ये भिरकावली.

वीब्केनं ती उचलली, मुठीत दाबली.

साहेबांचं पेन कुरकुरलं. "आयतं उत्तर मिळालं, लोझेबाई, तेही उचलून घेतलं तिनं."

बाई गुडघ्यांवर बसल्या. "का गं उचललीस?"

वीब्के त्यांच्या कानाशी आली. "ती ठेवली की मध्ये चिठ्ठी असते ना, बाई. मग रिकामं कुठं राहिलं?"

इतकं हळू, की फक्त त्यांनाच ऐकू आलं. बाईंनी मधल्या जागेकडे पाहिलं – खरंच की. रिक्त संचात काहीच नसतं, शून्यसुद्धा नसतं; संध्याकाळच्या वर्गात सांगितलं होतं, मीच मान डोलावली होती, आणि इथे येऊन मीच शून्याची चिठ्ठी... चाळीस मुलं. भिंतीवर तीच चिठ्ठी काढलेला तक्ता. उद्या सगळं गाव. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. ह्या मुलीला तर सवयच होती न बोलण्याची.

"साहेब," आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला, "चूक तिची नाही."

पेन थांबलं. "मग कोणाची?"

सांगायचंच होतं, शब्द जिभेवर होते. पण मधेच एक विचार शिरला आणि सगळी भीती बाजूला सारून ऐसपैस बसला – लाल-निळ्यांच्या मधलं हे रिकामं, आणि परवाच्या धड्यात गोल-चौकोनांच्या मधलं ते रिकामं... ही दोन आहेत, की एकच? साहेब वाट बघत होते. बाईंना माहीत नव्हतं. कितीतरी वर्षांत असं काही माहीत नसणं त्यांना इतकं हवंहवंसं वाटलं नव्हतं, आणि विचारावं अशी ह्या खोलीत एकच व्यक्ती होती – मुठीत चिठ्ठी दाबून समोर उभी.