हातांचा अंदाज

गोदूच्या हातांवर अख्ख्या मिठागराचा भरवसा होता. मिठाची टोपली उचलली की ती किती रत्तलांची, हे ती काट्याआधी सांगायची, आणि मापारी बुधाजी नुसता खात्रीपुरता काटा लावायचा. कधी अर्ध्या रत्तलाची चूक झालीच, तर आज गोदूला बरं नसावं, असं बायका म्हणत. आता अशा बाईला घरात कोंडून तिच्या हातात एकच जिन्नस दिला, आणि तोही दिवसातून वीस वेळा उचलायला लावला, तर ती दुसरं काय करणार? ती आपल्या मुलीला जोखत बसली.

मुलगी पनवेलच्या दवाखान्यात झाली होती. थोरला विठू घरीच झाला आणि एकोणिसाव्या दिवशी गेला, म्हणून या खेपेला गोदूच्या नवऱ्याने, शिवाने, कुणाचंही न ऐकता बैलगाडी जुंपली. गोदू दोन रात्री अडली होती. शेवटी नर्सने मुलगी हातात दिली तेव्हा हात म्हणाले, नऊ रत्तल. गोदूने समाधानाने डोळे मिटले. पाचव्या दिवशी घरी आल्यावर हात म्हणाले, साडेआठ. बारशाला मालू नाव ठेवून पाळण्यात घालताना आठ. आणि आज, चोविसाव्या दिवशी सकाळी, मालूला उचलायला गेली तर हात अलगद वरच आले. फार तर साडेसात.

विठूचंही असंच झालं होतं. त्याच्या वेळीही हातांना रोज थोडं थोडं कमी लागत होतं, आणि ती गप्प बसली होती. आपल्या दुधाला लोक नावं ठेवतील, या लाजेने गप्प बसली होती. विठू गेला आणि ती गोष्ट तिच्याजवळच राहिली. शिवालासुद्धा तिने सांगितलं नाही. आपण वेळेवर तोंड उघडलं असतं तर मुलगा वाचला असता, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

म्हणून आता तिला चैन नव्हतं. झोपलेल्या मालूला ती उठवून पाजायची, पाजून झालं की पुन्हा उचलून बघायची, टाळूवर बोट ठेवायची, उठायची, बसायची, पुन्हा पाळण्याशी जायची. खाटेखालची शेगडी विझली तरी तिचं लक्ष नसे. तिची सासू गुणाबाई मेथीचे लाडू पुढे करी, ते ती दुधासाठी औषधासारखे गिळी.

"आये, पोर हलकी झालीय," शेवटी ती म्हणाली.

गुणाबाई मालूला पायांवर घेऊन तेल चोळत होती. "कंची गो हलकी? चांगली गुबगुबीत हाय."

"काट्यावर घालून बघू."

गुणाबाईचा हात थांबला. "पोर काय मीठ हाय तोलायला? नजर लागते. आणि सव्वा महिना उंबऱ्याभायेर पाय टाकायचा नाय, आधीच सांगून ठेवते. ऐन चैत्राचे दिस. आगरात बालंतिणीचा पाय पडला तर मीठ धरत नाय."

एकदा गप्प राहून काय झालं ते तिने पाहिलं होतं. पण भांडून उपयोग नाही हेही तिला कळत होतं. दुपारी गुणाबाई विहिरीवर गेली, तशी तिने डोक्याला फडकं गुंडाळलं, मालूला छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडला.

चोवीस दिवसांनी अंगावर ऊन पडलं तेव्हा तिला भोवळल्यासारखं झालं. तरी ती बांधाबांधाने चालत राहिली. मिठागराच्या कडेला मात्र तिचे पाय आपोआप थांबले. समज खरा असो की खोटा, सगळ्यांच्या पोटावर पाय द्यायची तिची छाती नव्हती. टोपल्या वाहणाऱ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. शिवा हातातलं काम टाकून धावत आला.

"बुधाजीबाबा, काटा हिकडं आणा," गोदूने हाक मारली. "मी आत येत नाय."

बुधाजीने आधी शिवाकडे बघितलं. शिवा नुसता मालूकडे बघत होता. मग म्हाताऱ्याने ताणकाटा आणला, रिकाम्या टोपलीत स्वतःचा पंचा अंथरला आणि मालूला हलकेच आत ठेवलं. शिवाने काटा दोन्ही हातांनी वर धरला. मालूने एक जांभई दिली. टोपली वजा करून बुधाजी म्हणाला, "साडेसात."

गोदू बांधावर बसलीच. "नवाची साडेसात झाली."

"नऊ कुनी सांगितली?"

"माझ्या हातांनी."

शिवाने घाईघाईने कमरेची चंची सोडली. दवाखान्याचा कागद मालूला टोचायला नेताना लागेल म्हणून त्याने पानसुपारीबरोबर जपून ठेवला होता. वाचता मात्र नवराबायको दोघांनाही येत नव्हतं. बुधाजीने कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"सहा लिवलीय. जन्मली तवा सहा. दीड रत्तल वाढलीय पोर."

"माझे हात चुकत नाय, बाबा."

"त्या दिवशी चुकले," मागून आवाज आला. गुणाबाई धापा टाकत आली होती. रिकामं घर बघून तशीच धावली असावी. बोलायला आली होती ते बाजूला ठेवून ती म्हणाली, "दोन रात्री अडली होतीस गो. तुला पान्याचा तांब्या उचलत नव्हता. तवा पोर तुला मनाची लागली असती. ती हलकी नाय झाली. तुझ्या अंगात जीव परत आला."

बायका हसल्या. शिवाने सुस्कारा सोडून मालूला उचललं. सगळं मिटलं असं सगळ्यांना वाटलं. गोदू मात्र स्वतःच्या तळहातांकडे बघत बसली होती.

"मग विठू?" ती म्हणाली.

शिवाने वळून तिच्याकडे बघितलं.

"तो पन रोज हलका लागायचा. माझं दूध कमी पडलं. मला कलत होतं, आये, आणि मी बोलले नाय."

गुणाबाई गुडघ्यावर हात टेकत सुनेशेजारी, सगळ्यांच्या देखत, मातीत बसली.

"दोन वरसं ह्ये पोटात ठेवून टोपल्या वाहिल्यास?" तिने विचारलं. "त्याला आकडी आली गो. दोन दिसांत गेला. तो वालला-सुकला नव्हता. मीच त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचे ना? मांड्यांना गुबगुबीत वल्या पडल्या होत्या त्याच्या."

गोदू रडायला लागली. विठू गेला त्या दिवशी सगळ्या बायका रडल्या होत्या तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. ते सगळं आज भर दुपारी बांधावर बाहेर पडलं. गुणाबाईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. गुणाबाईचे डोळेही कोरडे नव्हते.

बऱ्याच वेळाने गोदूने खांद्यातूनच विचारलं, "खरंच वल्या होत्या?"

"होत्या," गुणाबाई म्हणाली. "तीन-तीन."