एकोतली फीत

वहिनींनी मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, चालू करण्याआधी जरा ऐका..."

"वहिनी, अर्धं आयुष्य हेच करतोय मी. दुपारी या."

माझा स्वभावच असा. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं तर जणू पाप लागेल. त्या बिचाऱ्या निघून गेल्या.

मशीन दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. गाताना आवाज घुमवायचं जुनं एको. आत टेपची गोल जोडलेली फीत फिरते. एक हेड आधीचं पुसतं, पुढचं नवं भरतं, त्यापुढचं वाजवतं. दादा गेल्यापासून ते धूळ खात पडलं होतं. मी रबरी पट्टा बदलला, हेडं स्पिरिटने साफ केली, माइक लावून बटण दाबलं. "हॅलो, हॅलो, चेक!" माझाच आवाज खणखणीत परत आला. वा रे पठ्ठ्या, म्हटलं स्वतःलाच.

दुपारी वहिनी आल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. "लावा आता. शेवटचं गायले ना, तेव्हा बंद करण्याआधी माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलंय यांनी. हॉस्पिटलात म्हणाले, भावाकडे ने, त्यालाच काढता येईल."

सकाळचं माझं 'हॅलो, हॅलो' आठवलं. पुसणाऱ्या हेडची वायर आधी काढायला हवी होती, मग फीत फिरवायची. एवढ्यासाठीच तर दादाने माझ्याकडे पाठवलं होतं.

"फीत कोरीच आहे," मी बोलून गेलो.

वहिनींचा चेहरा पडला. "म्हणजे मला बरं वाटावं म्हणून थाप मारली होय यांनी?"

गेलेल्या भावाला खोटं पाडून मी तिथे उभा! "नाही वहिनी. आवाज होता. मी पुसला. तुमचं ऐकूनच घेतलं नाही."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही काहीच नाही ऐकलंत?"

ऐकलं होतं. पुसणाऱ्या हेडच्या पुढे गेलेला फितीचा इवलासा तुकडा वाचला होता, तो बटण दाबताच वाजला होता. मला वाटलं, बाहेर कुणीतरी बायकोला हाक मारतंय.

"'अगं' म्हणाला," मी कसंबसं सांगितलं.

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. "हं," म्हणाल्या, "पुढे?"